घड्याळ कोणाचे?

दिवाळी अंकात रुग्णवाहिकेचा विषय काढणे म्हणजे चकली-करंज्यांच्या ताटात काढ्याची वाटी ठेवण्यासारखे आहे, याची मला पुरती जाणीव आहे. संपादकांनी मागितली होती कथा, आणि कादंबरीकाराकडे कथा मागावी हे रीतीला धरूनच झाले. परंतु वाचकहो, फटाक्याने हात भाजलेले पोर आणि फराळानंतर छातीवर हात दाबून बसलेले आजोबा यांच्याही घरी दिवाळीच असते. त्या घरात पाहुण्यांआधी ज्या गाडीची वाट पाहिली जाते, तिच्याविषयी सारे घर एकत्र बसलेले असताना चार शब्द बोलले, तर ते अभद्र कसे? धनत्रयोदशीला आपण धन्वंतरीची पूजा करतो आणि त्याच संध्याकाळी, अपमृत्यू टळावा म्हणून, दक्षिणेकडे वात करून यमाच्या नावाने एक दिवा लावतो. हा लेख त्याच जातीचा दिवा समजावा.

मी वारज्याला राहतो. मुलांना शिकवतो, कादंबऱ्या लिहितो, आणि माझी विद्या मॅट्रिकच्या दारापाशी येऊन थांबलेली आहे. तेव्हा वैद्यकशास्त्रावर प्रवचन करण्याचा माझा अधिकार नाही आणि तसा विचारही नाही. मात्र पेपर तपासण्यात माझी वीस वर्षे गेली आहेत. प्रश्न कोणी काढले, उत्तरे कोणी तपासली आणि गुण कोणी दिले, हे तीन सवाल विचारण्याइतका मी तयार झालो आहे. आपल्या राज्यातील तातडीच्या वैद्यकीय सेवेविषयी माझे म्हणणे याच तीन सवालांचे आहे. सेवा वाईट आहे असे मी म्हणत नाही. तिची परीक्षा चुकीच्या प्रश्नपत्रिकेवर घेतली जाते, असे मी म्हणतो. आणि जोवर प्रश्नपत्रिका चुकीची, तोवर पहिल्या नंबराने पास झालेला विद्यार्थीही अडाणी राहू शकतो.

प्रथम ज्याचे श्रेय त्याला देऊ. १०८ क्रमांकाची कल्पना आपल्याकडे आली ती शेजारच्या आंध्रातून. १५ ऑगस्ट २००५ रोजी हैदराबादेत ती सुरू झाली. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ साली आली ती ९३७ गाड्यांचा ताफा घेऊन, आणि तिच्या नियंत्रणकक्षासाठी जागा निवडली ती आपल्या पुण्यातलीच, औंधची. महाराष्ट्राने एक गोष्ट इतरांहून वेगळी केली. अनेक राज्यांत गाडीबरोबर केवळ प्रशिक्षित साहाय्यक असतो, तिथे आपण गाडीत डॉक्टर बसवला. या गाड्यांनी लक्षावधी माणसे इस्पितळात पोहोचवली, कित्येक बाळे त्यांच्यात जन्मली, आणि आषाढीच्या वाटेवर वारकऱ्यांच्या मागून त्या चालल्या. रात्री-अपरात्री त्या हाकणारे चालक आणि त्यांतले डॉक्टर यांच्याविषयी ज्याच्या तोंडून वाकडा शब्द निघेल, त्याने एकदा पावसात घाटरस्त्याने त्यांच्याबरोबर जाऊन यावे. माझे भांडण त्यांच्याशी नाही. ते आहे गुणपत्रिका लिहिणाऱ्यांशी.

गुणपत्रिकेत पहिला विषय असतो व्याप्ती. म्हणजे काय? तर किती गाड्या आहेत. ठीक आहे, फळ्यावर गणित मांडू. राष्ट्रीय आरोग्य अभियानाचे प्रमाण असे की साधी जीवरक्षक गाडी दर लाख माणसांमागे एक आणि अतिदक्षतेची गाडी दर पाच लाखांमागे एक असावी. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २३ लाखांवर होती. ९३७ गाड्यांपैकी अतिदक्षतेच्या होत्या २३३. म्हणजे सुमारे चार लाख ८२ हजारांमागे एक. या विषयात पास! साध्या गाड्या होत्या ७०४. म्हणजे जवळजवळ एक लाख साठ हजारांमागे एक. या विषयात नापास. आणि हा हिशेब २०११ च्या शिरगणतीचा; माणसे त्यानंतर काही जन्मायची थांबली नाहीत. पुढे २०२४ साली नवा करार झाला, गाड्या वाढवण्याचे ठरले. उत्तम झाले. पण समजा उद्या हिशेब तंतोतंत जुळला, तर सेवा सर्वांपर्यंत पोहोचली असे म्हणायचे काय? वर्गात चाळीस पुस्तके वाटली म्हणून चाळीस मुलांना वाचता येते, असे कोणी मास्तर म्हणेल काय?

आमचे वारजेच घ्या. एकेकाळचे हे शेतीवाडीचे गाव. आज त्याच्या अंगावरून मुंबई-बंगळूरचा महामार्ग जातो, पोटातून एनडीएचा रस्ता जातो, आणि शिवणे, उत्तमनगर, कोंढवे धावडे इकडची सारी वस्ती याच रस्त्याने शहरात उतरते. ससून इस्पितळ इथून दहा-बारा किलोमीटर, तेही कर्वे रस्त्याच्या गर्दीतून. महामार्गाची कथा तर विचारूच नका. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री याच बाह्यवळणावर, नवले पुलापाशी, एका अवजड वाहनाने सुमारे ४८ गाड्यांना ठोकरले होते. अशा ठिकाणी कागदावरची व्याप्ती काय कामाची? सकाळी सहाला जी गाडी दहा मिनिटांत येईल, ती संध्याकाळी सातला किती मिनिटांत येते? नकाशावर वर्तुळ काढणाऱ्याला पुलाखालची संध्याकाळ दिसत नाही.

शिवाय बोलवायचे कोणाला? गर्भवती आणि तान्ह्या बाळासाठी १०२. तातडीसाठी १०८. महामार्गावर अपघात झाला तर १०३३. पोलिसांचा ११२, जो आता सर्वच संकटांसाठी आहे. आरोग्याचा सल्ला हवा तर १०४. माझ्या वर्गातली मुले एकोणतीसचा पाढा म्हणतात, पण हा पाढा त्यांना पाठ होत नाही. ज्या क्षणी माणसाला आपल्या घरचा क्रमांक आठवत नाही, त्या क्षणी त्याने खात्यांची वाटणी लक्षात ठेवावी, अशी ही अपेक्षा. फोन कुठलाही लागो, योग्य गाडी निघाली पाहिजे. कोणते खाते कोणाचे हे फोन घेणाऱ्याने पाहावे, फोन करणाऱ्याने नव्हे.

आता दुसरा विषय, परिणामकारकता. इथे मोजतात ती वेळ, आणि लक्ष्य सांगतात शहरात वीस मिनिटे, खेड्यात तीस. वेळ मोजतात हे चांगलेच. पण कुठून कुठवर? फोन आल्यापासून गाडी पोहोचेपर्यंत. हे घड्याळ कचेरीचे आहे. रुग्णाचे घड्याळ याच्या आधी सुरू होते आणि याच्या फार नंतर थांबते.

एक उदाहरण देतो. गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतल्या एका वृद्ध शिंप्याचे तोंड रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी वाकडे झाले आणि उजवा हात लुळा पडला. घरच्यांना वाटले पित्त. लिंबाचे सरबत झाले, पाठीला तेल झाले. नऊ पंचवीसला फोन लागला. नऊ त्रेचाळीसला गाडी रस्त्याच्या तोंडाशी आली. अठरा मिनिटे, नाव ठेवायला जागा नाही! पुढे गल्लीत दोन्ही बाजूंनी दुचाक्या आणि मधोमध वाळूचा ढीग. पत्ता काय, तर मारुतीच्या देवळामागे, चक्कीशेजारी. दारात स्ट्रेचर आले तेव्हा नऊ छप्पन झाले होते. पहिल्या इस्पितळात मेंदूचे चित्र घेणारे यंत्र त्या रात्री बंद होते. दुसऱ्या इस्पितळात यंत्र चालू होते, पण काउंटरवरचा इसम अनामत रकमेवाचून मान वर करीत नव्हता. प्रत्यक्ष उपचार सुरू झाला तेव्हा अकरा पन्नास झाले होते. मास्तराची खोड म्हणून मी वेळा टिपून ठेवल्या होत्या. माणूस वाचला, सुई धरणारा हात मात्र परत आला नाही.

आता सांगा, या रात्रीचा निकाल काय? कचेरीच्या घड्याळात अठरा मिनिटे, लक्ष्याच्या आत, पूर्ण गुण. रुग्णाच्या घड्याळात दोन तास चाळीस मिनिटे. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि त्या साडेचार तासांतही जितका उशीर तितका मेंदू कमी हाती लागतो. त्या दोन तास चाळीस मिनिटांतले गाडीच्या हिशेबात आले ते अठरा. उरलेले एकशे बेचाळीस कोणाच्या वहीत लिहायचे? ते कोणत्याच वहीत नाहीत. जे वहीत नाही त्याचा जाब नाही, आणि ज्याचा जाब नाही ते सुधारत नाही. माझ्या सबंध लेखाचे सार हेच.

यावर आकडेशास्त्री म्हणतील, “एका शिंप्यावरून निष्कर्ष काढू नका, सरासरी पाहा.” पाहू. वर्गात दहा मुले आहेत असे समजा. नऊ घरी गाडी चौदा मिनिटांत पोहोचली, दहाव्या घरी चौऱ्याहत्तर मिनिटांत. सरासरी काढा, बरोबर वीस मिनिटे. लक्ष्य गाठले, पेढे वाटा! दहाव्या घरी मात्र त्या दिवशी पेढे खाण्याच्या मनःस्थितीत कोणी नव्हते. सरासरी ही सुखवस्तू बाई आहे. ती गल्लीच्या टोकाशी कधी जात नाही. सेवेची परीक्षा घ्यायची असेल तर तिच्या सर्वांत हळू दहाव्या हिश्श्यावर घ्या. तो दहावा हिस्सा कोणत्या वस्तीत राहतो, कोणत्या वेळी आजारी पडतो, हे छापा. तो बहुधा पत्र्याच्या घरात नाहीतर घाटाच्या पलीकडे सापडेल.

इस्पितळाच्या दाराविषयी तर कायद्याची वानवा नाही. जखमी माणसाला आधी उपचार, मग पोलीस-पंचनामा, हे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ सालीच बजावले. १९९६ साली तर त्याहून मोठी गोष्ट झाली. रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या एका मजुराला कलकत्त्याच्या एकामागून एक सरकारी इस्पितळांनी जागा नाही म्हणून परत पाठवले होते. न्यायालयाने सांगितले की तातडीचा उपचार नाकारणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भंग आहे, आणि पैशाची अडचण हे सरकारचे उत्तर होऊ शकत नाही. आपल्याकडे धर्मादाय इस्पितळांना उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या योजनेचे बंधन आहे की तातडीच्या रुग्णाला अनामत न मागता दाखल करून त्याची प्रकृती स्थिर करावी. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्या वाटसरूला पोलिसांचा ससेमिरा लागू नये म्हणून २०१९ साली मोटार वाहन कायद्यात संरक्षण घातले गेले. इतके सगळे आहे, आणि तरीही २०२५ च्या एप्रिलमध्ये एका गर्भवतीच्या मृत्यूनंतर अनामत रकमेच्या प्रश्नावरून सारे पुणे पेटून उठले होते. करोनाच्या काळात, २०२० च्या सप्टेंबरात, याच शहरात एक तरुण दूरचित्रवाणी पत्रकार गेला आणि हृदयोपचाराची सोय असलेली गाडी वेळेवर मिळाली नाही म्हणून त्याच्या आप्तांनी आणि सहकाऱ्यांनी टाहो फोडला. दर वेळी आपण पेटतो, आणि दर वेळी विझतो. कारण प्रत्येक घटना ही एक घटनाच राहते. कोणत्या दारावरून किती गाड्या परत फिरल्या, याची मोजदाद दर महिन्याला भिंतीवर लागली असती, तर पेटण्यासाठी कोणी मरण्याची वाट पाहावी लागली नसती.

“मोजून काय होते हो?” असे विचारणारे भेटतात. त्यांना मी महाराष्ट्रातलीच दोन नावे सांगतो. डॉक्टर हिंमतराव बावस्कर महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करीत होते, तेव्हा कोकणात लाल विंचू चावलेल्या गंभीर रुग्णांपैकी शेकडा तीस-चाळीस दगावत. हा माणूस रुग्णाच्या उशाशी बसून तासातासाला नाडी, घाम, श्वास टिपून ठेवी. त्या टिपणांतून रोगाची चाल उमगली, प्राझोसिन नावाची गोळी हाताशी आली, आणि मृत्यूचे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास उतरले. दुसरे नाव गडचिरोलीच्या डॉक्टर अभय आणि राणी बंग यांचे. त्यांनी खेड्याखेड्यांत जन्मलेले आणि मेलेले प्रत्येक मूल मोजले, आणि मग गावातल्याच बायांना शिकवून ‘आरोग्यदूत’ केले. त्यांच्या ३९ गावांत बालमृत्यूचे प्रमाण हजारी १२१ वरून ३० पर्यंत खाली आले. दोन्ही ठिकाणी घड्याळ कचेरीत नव्हते, उशाशी होते.

गडचिरोलीच्या गोष्टीत आणखी एक धडा आहे आणि तो आम्हां मास्तरांसाठी आहे. पहिला मदतनीस गाडीतून येत नाही. तो गल्लीतच असतो. हृदय बंद पडले तर चार-सहा मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. तेव्हा वीस मिनिटांचे लक्ष्य शंभर टक्के गाठले तरी त्या माणसाला ती गाडी उशिराचीच. त्याचा जीव शेजाऱ्याच्या दोन तळव्यांत असतो: छातीच्या मध्यावर, जोराने, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, गाडी येईतो. हे शिकवायला किती वेळ लागतो? एक शनिवारची सकाळ. आम्ही मुलांना अकबराच्या राज्यकारभाराची कलमे पाठ करून घेतो. मग घराच्या पत्त्यात गल्ली, इमारत, मजला आणि खूण नीट सांगणे, भाजल्यावर टूथपेस्ट न फासता वाहते पाणी सोडणे, आणि तोंड वाकडे झाले की सरबत न करता फोन करणे, हे का शिकवू नये?

आता सरकारी उत्तरांचा समाचार घेतो. पहिले उत्तर असे, की आकडे जाहीर केले तर कर्मचाऱ्यांचे मनोधैर्य खचेल. मनोधैर्य निकालाने खचत नाही, अन्यायाने खचते. रस्त्याचा, दाराचा आणि काउंटरचा उशीर वेगळा दाखवला, तर गाडीवाल्याच्या माथ्यावरचा दोष उलट उतरेल. दुसरे उत्तर, की लोक खोटे फोन करतात. करतात, ते मोजा आणि तेही छापा. तिसरे उत्तर, की वाहतूक आमच्या खात्यात नाही. अगदी खरे! रुग्ण मात्र एकाच खात्यात असतो, आपल्या स्वतःच्या. चौथे उत्तर मला सर्वांत आवडते: नवे इस्पितळ येत आहे. वारज्यात महापालिकेने खाजगी भागीदारीतून साडेतीनशे खाटांचे इस्पितळ उभारण्याचे ठरवले, त्याचे स्वागतच आहे. पण खाटांची संख्या हीही पुन्हा गाड्यांच्या संख्येचीच बहीण. तिथल्या दारात रात्री दोन वाजता पोहोचलेल्या माणसाला किती मिनिटांत हात लागला, हे सांगणारा फळा त्या इमारतीच्या नकाशात आहे काय?

म्हणून माझी मागणी लांबलचक नाही. प्रत्येक प्रभागाचा आणि तालुक्याचा मासिक निकाल लावा. त्यात चार वेळा लिहा: फोन केव्हा आला, गाडी दारात केव्हा आली, इस्पितळाचे दार केव्हा गाठले, आणि उपचार केव्हा सुरू झाला. सरासरीशेजारी सर्वांत हळू दहावा हिस्सा लिहा. किती दारांवरून गाडी परतली ते इस्पितळाच्या नावानिशी लिहा. आणि हा निकाल सेवा चालवणाऱ्याने किंवा तिचे बिल चुकवणाऱ्याने तपासू नये; बाहेरच्याने तपासावा. मॅट्रिकच्या परीक्षेतसुद्धा आमचे पेपर आमच्या बापाकडे तपासायला जात नव्हते. पैसा लागेल म्हणाल, तर वेळा टिपण्याची यंत्रे गाड्यांत आणि फोनांत बसलेलीच आहेत. लागते ती फक्त लाज, आणि ती अंदाजपत्रकात मागावी लागत नाही.

सरकारला एवढे सांगितल्यावर आपल्याकडेही वळावे लागेल. गल्लीतली वाळू सरकारने टाकलेली नसते. घरावर क्रमांक लावायचा कंटाळा सरकारला नसतो. सायरन वाजवीत आलेल्या गाडीच्या मागोमाग, मिळालेल्या वाटेचा फायदा घेऊन आपली दुचाकी दामटणारा वीर मंत्रालयातून आलेला नसतो. मंडप घालताना गाडी जाईल एवढी वाट सोडणे, ही कोणत्याही देवाला न आवडणारी गोष्ट नव्हे.

तेव्हा वाचकहो, हा अंक बाजूला ठेवण्यापूर्वी घरातल्या सर्वांत लहान मुलाला आपला पूर्ण पत्ता विचारा. खुणेसकट सांगता आला तर त्याला एक लाडू जास्त द्या. मग आपल्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन पाहा, रुंद गाडी आत येते का. आणि पाडव्याच्या भेटीला आपले नगरसेवक, आमदार मिठाईचा डबा घेऊन दारी आले, तर डबा आनंदाने घ्या, त्यांना फराळ द्या, आणि एकच प्रश्न विचारा: “आमच्या प्रभागात पडलेल्या माणसाला उपचार मिळेपर्यंत किती मिनिटे लागतात?” उत्तरात ते गाड्यांची संख्या सांगू लागले, तर त्यांना थांबवा आणि प्रश्न पुन्हा वाचून दाखवा. आम्ही मास्तर लोक वर्गात तेच करतो.